पेशीची कमाई



वसंत व्याख्यानमालेला श्रोते येतात ते दिवसभराचे ऊन उतरल्यावर, चार चांगल्या गोष्टी कानांवर पडाव्यात या अपेक्षेने. अशा वेळी पेशी आणि तंतुकणिका हा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे श्रोत्यांच्या सौजन्याची परीक्षाच पाहणे होय, याची मला जाणीव आहे. पेशी म्हटली की शाळेच्या पुस्तकातली ती वाटोळी आकृती आठवते, आणि आकृती आठवली की परीक्षा आठवते. म्हणून आज आपण आकृतीपासून सुरुवात करायची नाही. ज्वारीपासून करू.

आपला हा घाटाखालचा मुलूख. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा, आणि मध्ये काळी जमीन. या जमिनीत आता कपाशी, सोयाबीन आणि तूर यांनी पुष्कळ जागा घेतली आहे आणि ज्वारीचे क्षेत्र पूर्वीएवढे राहिलेले नाही. तरी ज्वारी आणि बैल या दोन गोष्टी ज्याला ठाऊक नाहीत असा माणूस या सभेत बहुधा नसेल. तेव्हा आपल्या ओळखीचीच एक घटना घेऊ. पावसाने मध्येच ओढ दिली आहे. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबली आहे, तिची पाने गुंडाळली गेली आहेत. अशा शेतात एखादा भुकेला बैल दावे तोडून शिरतो आणि घाईघाईने खातो. थोड्याच वेळात त्याचा श्वास जोराने चालू लागतो, तोंडाला फेस येतो, पाय लटपटतात, तो आडवा होतो, झटके देऊ लागतो; आणि वेळेवर उपचार झाला नाही तर बघता बघता दगावतो. शेतकऱ्यांच्या बोलीत याला किराळ लागणे म्हणतात.

आता यातली विलक्षण गोष्ट पाहा. हे जनावर गुदमरून मरते. पण एरवी गुदमरलेल्या जनावराच्या हिरड्या आणि जीभ निळसर पडतात, कारण त्याच्या रक्तातला प्राणवायू संपलेला असतो. किराळ लागलेल्या जनावराच्या हिरड्या मात्र प्रथम लालभडक दिसतात. त्याच्या शिरेतले रक्तही तसेच लालभडक असते. म्हणजे त्याच्या छातीत हवा आहे, रक्तात प्राणवायू आहे, हृदय ते रक्त अंगभर फिरवीत आहे, आणि तरीही ते प्राणवायूवाचून तडफडत आहे. तुडुंब भरलेल्या विहिरीच्या काठी माणूस तहानेने मरावा, तसा हा प्रकार झाला.

हे कोडे ज्याला सोडवायचे असेल त्याला पेशीच्या आत शिरावे लागते. पेशी आपली शक्ती कशी कमावते, आणि ती कमाई कोणत्या ठिकाणी अडते, हे समजल्यावाचून त्या बैलाच्या मरणाचा अर्थ लागत नाही. म्हणून आजचे व्याख्यान.

प्रथम कमाईचे नाणे कोणते ते पाहू. आपण भाकरी खातो. भाकरीतल्या पिठाची पोटात ग्लुकोज नावाची साखर होते आणि ती रक्तावाटे पेशीपर्यंत पोहोचते. पण पेशीला ही साखर जशीच्या तशी वापरता येत नाही. बाजारात पाच रुपयांची कोथिंबीर घ्यायला पाचशेची नोट काढली तर भाजीवाली म्हणते, 'मोड आणा'. पेशीचेही तसेच आहे. ग्लुकोज ही तिची मोठी नोट. ती मोडून जी चिल्लर मिळते तिला ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट, थोडक्यात एटीपी म्हणतात. स्नायू आखडायचा असो, मज्जातंतूतून संदेश धाडायचा असो किंवा नवे प्रथिन बांधायचे असो, पेशीचा बहुतेक व्यवहार या चिल्लरीत चालतो. सबंध शरीरात कोणत्याही एका क्षणी हे एटीपी पाव किलोच्या आतच असते. पण ते इतक्या वेगाने खर्च होऊन पुन्हा भरले जाते, की दिवसभराच्या उलाढालीचा हिशेब मांडला तर तो माणसाच्या वजनाएवढा भरतो.

हे एटीपी 1929 साली जर्मनीत कार्ल लोहमान यांनी स्नायूंतून वेगळे केले. त्याच सुमारास अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव या दोघांनीही ते स्वतंत्रपणे शोधले होते. हे सुब्बाराव म्हणजे आंध्रातल्या भीमावरमचे. 1895 चा जन्म. त्यांनी आणि फिस्के यांनी 1927 सालीच स्नायूंतला आणखी एक शक्तीचा साठा, फॉस्फोक्रिएटिन, उजेडात आणला होता. त्याचे काम समजायला प्रयोगशाळेत जायला नको, कबड्डीच्या मैदानावर जावे. चढाईला गेलेला गडी एका दमात 'कबड्डी कबड्डी' घुमवीत झेप घेतो, तेव्हा त्या पहिल्या काही क्षणांत त्याच्या मांडीतले फॉस्फोक्रिएटिन संपलेले एटीपी तिथल्या तिथे भरून देत असते. ही घरात ठेवलेली बरणीतली पुंजी. ती काही सेकंदांतच संपते. मग खरी कमाई सुरू करावी लागते.

या कमाईचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग अतिशय जुना आहे. त्याला प्राणवायू लागत नाही आणि तंतुकणिकाही लागत नाही. पेशीच्या द्रवात विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, एक रांग असते. ती ग्लुकोजच्या रेणूचे दहा पायऱ्यांत दोन तुकडे करते. या व्यवहारात निव्वळ नफा राहतो तो दोन एटीपींचा. तुकडे उरतात त्यांत अजून भरपूर शक्ती असते, पण प्राणवायू नसेल तर ती काढता येत नाही. मग यीस्टसारखा जीव त्या तुकड्यांचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकतो; दह्यातले जंतू त्यांचे लॅक्टिक आम्ल करतात; आणि आपल्या कबड्डीपटूचा स्नायूही, दम लांबला म्हणजे, लॅक्टिक आम्लच करतो. विरजण लागते, आंबील आंबते, पाव फुगतो, या सगळ्याच्या मागे हीच दोन एटीपींची कमाई आहे. आपल्याला जी आंबट चव लागते ती त्या जंतूंच्या दृष्टीने टाकून दिलेली राख आहे.

फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी 1860 च्या सुमारास एक गोष्ट टिपली. यीस्टला हवा दिली तर ते थोड्या साखरेत भागवते. हवा काढून घेतली तर तेवढ्याच वाढीसाठी ते कितीतरी जास्त साखर फस्त करते. कारण उघड आहे. कमाई कमी झाली की माल जास्त मोडावा लागतो. पाश्चर यांना तंतुकणिका ठाऊक नव्हती, पण दोन मार्गांतला फरक त्यांच्या काचेच्या चंबूत स्पष्ट दिसला होता.

कोणी म्हणेल, दोन एटीपींची ही कमाई यीस्टची आणि दह्याची. आम्हा माणसांचा तिच्याशी काय संबंध? तर आपल्या रक्तातली लाल पेशी जन्मभर याच मार्गाने जगते. मज्जेत तयार होताना ती आपले केंद्रक टाकून देते, आपल्या तंतुकणिकाही काढून टाकते, आणि सारी जागा प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला देते. माणसाच्या अंगात अशा सुमारे 25 लाख कोटी पेशी आहेत. त्यांतली प्रत्येक पेशी जवळजवळ 120 दिवस प्राणवायू वाहते, पण त्यातला कणही स्वतःच्या शक्तीसाठी वापरीत नाही. गाडीवानाने गाडीभर ऊस वाहावा आणि त्यातले एक कांडेही तोंडात टाकू नये, अशी तिची सचोटी. ही लाल पेशी लक्षात ठेवा. किराळाच्या कोड्यात ती पुढे साक्षीदार म्हणून येणार आहे.

आता दुसरा मार्ग. ग्लुकोजचे ते उरलेले दोन तुकडे तंतुकणिकेत शिरतात. तंतुकणिका म्हणजे पेशीतले एक अतिसूक्ष्म अंग, एक मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या जाडीचे. यकृताच्या एका पेशीत त्या हजार-दोन हजार असतात. प्रत्येक तंतुकणिकेला दोन पटले, आणि आतले पटल घड्याघड्यांचे. तिथे त्या तुकड्यांचे पुरते विघटन होते, आणि त्यांतून निघालेले इलेक्ट्रॉन आतल्या पटलात बसवलेल्या प्रथिनांच्या साखळीतून हातोहात पुढे जातात. विहिरीला आग लागली म्हणजे, नव्हे, घराला आग लागली म्हणजे विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांगेने उभी राहून बादल्या पुढे देतात, तसे. रांगेच्या शेवटी प्राणवायू उभा असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचे पाणी होते. आपण श्वासाने जो प्राणवायू आत घेतो, त्यातला फार मोठा भाग या एकाच शेवटच्या ठिकाणी खर्ची पडतो.

पण इलेक्ट्रॉन पुढे गेल्याने एटीपी कसे तयार होते? या प्रश्नाने शास्त्रज्ञांना अनेक वर्षे छळले. उत्तर दिले ते इंग्लंडच्या पीटर मिचेल यांनी, 1961 साली. ते म्हणाले, या रांगेचे खरे काम पंपाचे आहे. इलेक्ट्रॉन पुढे सरकताना पटलाच्या एका बाजूचे प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे विद्युतभारित कण, दुसऱ्या बाजूला ढकलले जातात. तिकडे त्यांची दाटी होते आणि ते परत येऊ पाहतात. कोयनेला धरण बांधून पाणी उंचावर अडवले, आणि ते खाली सोडताना चक्रे फिरवून वीज काढली. तंतुकणिकेचे पटल हे तसे धरण आहे आणि प्रोटॉन हे त्यातले पाणी. ते ज्या वाटेने परत येतात, त्या वाटेवर एक चक्र बसवलेले असते. ते चक्र खरोखरच फिरते, एका सेकंदात शंभराहून अधिक वेळा फिरू शकते, आणि प्रत्येक फेऱ्याला तीन एटीपी घडवते.

मिचेल यांचे म्हणणे प्रथम फार थोड्यांना पटले. पुढे पुरावा साचत गेला आणि 1978 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या फिरत्या चक्राची रचना व कार्य उलगडल्याबद्दल पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना 1997 साली ते मिळाले. वॉकर यांनी ज्या चक्राची रचना निश्चित केली, ते गोवंशातील जनावराच्या हृदयातल्या तंतुकणिकांमधून घेतलेले होते. अविरत चालणाऱ्या स्नायूत तंतुकणिका दाटीने भरलेल्या असतात, आणि हृदयाइतका अविरत चालणारा स्नायू दुसरा कोणता?

हिशेब काय झाला? पहिल्या मार्गाने एका ग्लुकोजमागे दोन एटीपी. दोन्ही मार्ग मिळून सुमारे तीस. जुन्या पुस्तकांत छत्तीस किंवा अडतीस असा आकडा आढळेल. नव्या मोजमापात तो तीस ते बत्तीसच्या घरात येतो. तरी पंधरापट झाले. नांगर ओढणारा बैल, विचार करणारा मेंदू, उडणारा पक्षी, हे सारे या पंधरापटीवर उभे आहेत.

आता कोणाला वाटेल की तंतुकणिका असलेला जीव श्रीमंत, आणि नसलेला जीव दरिद्री. पण एवढ्यावर निकाल देऊ नये. आपल्याच जिल्ह्यात, घाट चढून गेले की, याचे उत्तर मिळते. लोणारचे सरोवर आपण पाहिलेच असेल. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेले, सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे ते विवर. त्यातले पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी. त्याचा सामू 10 च्या आसपास. या पाण्यात एरवी हिरवेगार शैवालासारखे जीव वाढतात, आणि तळाच्या गाळात प्राणवायूविना मिथेन वायू तयार करणारे जीव राहतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी या गाळातल्या सूक्ष्म जीवांचा बारकाईने अभ्यास केला आहे. 2020 च्या जून महिन्यात हे सरोवर एकाएकी गुलाबी झाले तेव्हा केवढी गर्दी लोटली होती! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले आणि सांगितले की हा रंग मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा आहे.

या सगळ्या जीवांच्या पेशीत तंतुकणिका नाही. मग ते दोन एटीपींवर जगतात काय? मुळीच नाही. मिचेल यांनी सांगितलेले धरण त्यांच्याकडेही आहे. फक्त ते पेशीच्या स्वतःच्या बाहेरच्या पटलावर, किंवा त्याच पेशीतल्या साध्या पटलांवर बांधलेले आहे. कोणी सूर्यप्रकाशावर पंप चालवतो, कोणी हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यावर. लोणारसारख्या पाण्यात एक अडचण मात्र आहे. सामू 10 म्हणजे साध्या पाण्याच्या मानाने प्रोटॉन हजारपटीने कमी. अशा पाण्यात राहणारे कित्येक जीव प्रोटॉनऐवजी सोडियमच्या कणांची ओढ वापरून अन्न आत घेतात आणि पोहतात. पाण्याचा दुष्काळ पडला म्हणून त्यांनी धरण मोडले नाही. धरणात दुसरे पाणी भरले.

आणि या दोन जगांचे नाते किती जवळचे आहे, ते 1974 साली एका प्रयोगाने दाखवले. मिठात राहणाऱ्या त्या कुळातल्या काही जीवांच्या पटलात जांभळ्या रंगाचे एक प्रथिन असते. उजेड पडला की ते प्रोटॉन पंप करते. अमेरिकेत एफ्राइम रॅकर आणि वॉल्थर स्टोकेनियस यांनी हे प्रथिन घेतले, गोवंशातील जनावराच्या हृदयातल्या तंतुकणिकेचे ते एटीपी घडवणारे चक्र घेतले, आणि सोयाबीनपासून काढलेल्या स्निग्ध पदार्थाचे सूक्ष्म फुगे करून त्यांच्या पापुद्र्यात दोन्ही बसवली. मग उजेड पाडला. एटीपी तयार झाले! मिठाच्या पाण्यातला पंप आणि जनावराच्या हृदयातले चक्र यांची कधी गाठ पडलेली नव्हती, मध्ये होता तो केवळ सोयाबीनचा पापुद्रा. तरी दोघांचे जमले. मिचेल बरोबर होते याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

हे जमावे यात फार आश्चर्यही नाही. कारण तंतुकणिका हीच मुळात एक स्वतंत्र राहणारा जंतू होती. सुमारे दीड ते दोन अब्ज वर्षांपूर्वी एका पेशीने असा जंतू पोटात घेतला आणि तो पचला नाही; तिथेच राहिला, नांदू लागला. अमेरिकेतल्या लिन मार्गुलिस यांनी 1967 साली ही कल्पना जोराने पुढे मांडली तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. आज ती मान्य आहे. तंतुकणिकेत आजही तिचा स्वतःचा डीएनए आहे, आणि तो आपल्याला केवळ आईकडून मिळतो. माहेरून आणलेली ही पेटी तिने अजून टाकलेली नाही.

पाहुणा घरचा झाला, तसा काही घरांतून तो नाहीसाही झाला. ज्यांना पक्के केंद्रक आहे पण जे प्राणवायू नसलेल्या जागी राहतात, अशा जीवांनी तंतुकणिका झिजवत झिजवत आणली. आपल्याकडे ज्याच्यामुळे आव पडते तो अमीबा घ्या. त्याच्यात तंतुकणिकेचा केवळ एक अवशेष उरला आहे आणि तो एटीपी बनवीत नाही. 2016 साली तर असा एक सजीव जाहीर झाला की ज्यात हा अवशेषही सापडला नाही. तो चिंचिला नावाच्या एका लहान प्राण्याच्या आतड्यातला होता. हे नुसते नवल नाही. आवेवर डॉक्टर जी मेट्रोनिडॅझोलची गोळी देतात, ती अमीबाच्या या प्राणवायूविना चालणाऱ्या कारभारात सापडली की तिचे विषात रूपांतर होते. आपल्या पेशींत तो कारभार नाही, म्हणून अमीबा मरतो आणि आपण बचावतो. कमाईच्या मार्गातला फरक असा औषधाच्या कामी येतो.

आता आपण आपल्या बैलाकडे परत जाऊ. बैल हा या दोन्ही मार्गांचा संसार आहे. त्याचे कोटीपोट म्हणजे शंभर लिटरच्या आसपासचे एक आंबवण्याचे पिंप. त्यात प्राणवायू जवळजवळ नाही. त्यातल्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जंतू असतात. शिवाय एकपेशीय प्राणी आणि बुरशी. त्या बुरशीच्या पेशीत तंतुकणिकेच्या जागी दुसरेच एक अंग असते, ते हायड्रोजन सोडते, आणि शेजारचे मिथेनकारी जीव तो हायड्रोजन लगेच उचलतात. बैल ढेकर देतो तेव्हा तो मिथेन बाहेर पडतो.

बैलाला स्वतःला कडबा पचत नाही. तो हे जंतू पचवतात. त्यांची कमाई थोडी, म्हणून ते भरपूर कडबा मोडतात आणि न परवडणारी राख, म्हणजे शिरक्यासारखी आम्ले, टाकून देतात. हीच आम्ले बैल शोषून घेतो, आपल्या स्नायूंतल्या तंतुकणिकांत प्राणवायूवर जाळतो, आणि त्याची सुमारे सत्तर टक्के शक्ती त्यांतून येते. एकाची राख ते दुसऱ्याचे सरपण. पोळ्याला आपण बैलाला सजवतो, त्या वेळी त्याच्या पोटातल्या या अदृश्य जोडीदारांचीही पूजा आपोआप घडते.

आणि आता किराळ. कोवळ्या ज्वारीच्या पानात धुरिन नावाचा पदार्थ असतो. ज्वारीचे अरबी नाव धुर्रा. त्यावरून डन्स्टन आणि हेन्री या संशोधकांनी 1902 साली त्याचे नाव ठेवले. पानाच्या वरच्या थरातल्या पेशींत धुरिन, आणि ते फोडणारे विकर आतल्या थरात; जोवर पान अखंड आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. जनावराने पान चावले की दोन्ही एकत्र होतात आणि हायड्रोसायनिक आम्ल सुटते. उरलेले काम कोटीपोटातले जंतू करतात. धुरिनात साखर आहे. त्यांना ती हवी असते. ते ती तोडून घेतात आणि सायनाइड मोकळे होते. म्हणूनच रवंथ करणाऱ्या जनावराला हे विष इतरांपेक्षा लवकर बाधते. जे जोडीदार रोज बैलाला पोसतात, त्यांच्याच हातून त्या दिवशी विष मोकळे होते.

हे विष रक्तातून तंतुकणिकेत पोहोचते आणि तिथल्या रांगेतल्या शेवटच्या प्रथिनाला जाऊन चिकटते. ज्याच्या हातून प्राणवायूला इलेक्ट्रॉन मिळायचे, नेमक्या त्या प्रथिनातल्या लोहाला. 1925 साली केंब्रिजमध्ये डेव्हिड कीलिन यांनी कीटकांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये या रंगीत प्रथिनांच्या रेषा पाहिल्या होत्या, आणि सायनाइडने त्यांचे काम अडते हेही दाखवले होते. शेवटचा माणूस बादली घेईना, की मागची सारी रांग थबकते. पंप थांबतात, धरण रिकामे होते, चक्र बंद पडते. तीस एटीपींवर चालणारा संसार एकदम दोनवर येतो. मेंदू आणि हृदय यांना तेवढ्यावर काही मिनिटेही काढता येत नाहीत. मारक मात्रा जनावराच्या एका किलो वजनाला सुमारे दोन मिलिग्रॅम; म्हणजे 400 किलोच्या बैलाला एक ग्रॅमही लागत नाही.

आणि रक्त लाल का राहिले? आपली ती साक्षीदार लाल पेशी आठवा. तिला तंतुकणिकाच नाही, तेव्हा सायनाइडने तिची कमाई अडत नाही. ती नेहमीप्रमाणे प्राणवायू भरून घेते, दारोदार फिरते. पण कोणत्याच दारी तो कोणी उतरवून घेत नाही. ती भरल्या गाडीनिशी परत येते. त्या लालभडक हिरड्या म्हणजे न खपलेला प्राणवायू. कोडे सुटले.

पण कोडे सुटून बैल वाचत नाही. म्हणून शेवटी कामाच्या चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पशुवैद्यक अशा जनावराला शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतात. पहिल्याने काही हिमोग्लोबिनचे रूप असे बदलते की ते सायनाइडला स्वतःकडे ओढून घेते आणि तंतुकणिका मोकळी होते. दुसरे गंधक पुरवते, आणि त्या गंधकाच्या जोरावर शरीरातले एक विकर सायनाइडचे निरुपद्रवी रूप करून लघवीवाटे बाहेर टाकते. हे विकर तंतुकणिकेतच असते. जिच्यावर घाला आला तिच्याच घरात उतारा तयार आहे, फक्त त्याला गंधक कमी पडते. उतारा आहे, पण घड्याळ विरुद्ध आहे. तेव्हा घरगुती उपायांत वेळ दवडू नये. लक्षण दिसताच जनावर शेतातून काढावे, उरलेल्या जनावरांना त्या चाऱ्यापासून दूर करावे आणि तत्काळ पशुवैद्यकाला बोलवावे. ही औषधे आपल्या हाताने देण्याची नाहीत.

त्याहून बरे म्हणजे प्रसंगच येऊ न देणे. ज्वारी फुलोऱ्यावर येईपर्यंत जनावरांना चारू नये. कापणीनंतर बुडख्याला फुटलेले कोवळे फुटवे, पावसाच्या ताणाने खुरटलेली ज्वारी, आणि ताणानंतर पाऊस पडताच जोराने फुटलेली ज्वारी, ही तिन्ही धोक्याची. युरिया भरपूर दिलेल्या पिकात हे विष वाढते. भुकेले जनावर हिरव्या ज्वारीजवळ सोडू नये. आधी कोरडा चारा द्यावा. पक्व होऊन नीट वाळलेल्या कडब्यात हे भय फारसे राहत नाही. आपल्या वाडवडिलांना धुरिन हे नाव ठाऊक नव्हते, पण कोवळ्या ज्वारीला कुंपण आणि पिकल्या ज्वारीचा कडबा हा नियम त्यांनी अनुभवाने बसवला होता. ज्या घरात आता ज्वारी क्वचितच पेरली जाते, त्या घरातल्या मुलाला तो नियम कोणी सांगितलेला नसतो. त्याला तो सांगणे हे आता आपल्याकडे आले.

विज्ञान आपल्या कामाचे नाही, ते मोठ्या शहरांतले, असे आपण पुष्कळदा म्हणतो. पण पेशीच्या कमाईचे दोन्ही मार्ग आपल्या गोठ्यात, आपल्या विरजणाच्या भांड्यात, लोणारच्या पाण्यात आणि आपल्या बोटाच्या टोकावर येणाऱ्या रक्ताच्या थेंबात चालू आहेत. ते पाहायला दूर जावे लागत नाही. येत्या पावसाळ्यात आपल्यापैकी एकाने जरी आपले जनावर कोवळ्या ज्वारीपासून आवरले, आणि का आवरले ते शेजाऱ्याला सांगितले, तरी आजच्या बोलण्याचे चीज झाले असे मी समजेन.